ठाणे-नवी मुंबईत फ्लॅट विकताना: आधी फाइल, मग टोकन

फ्लॅट विकायला काढला की पहिला फोन एजंटला जातो आणि दुसरा रंगाऱ्याला. कपाटातली फाइल उघडायची आठवण टोकन हातात पडल्यावर होते. वर्तकनगरचं घर विकताना मीही हेच केलं. टोकन घेतलं, पेढे वाटले, आणि आठवड्याभरात लक्षात आलं की आमच्या आधीच्या मालकाचा बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा आमच्याकडे नव्हताच, होती ती झेरॉक्स. खरेदीदाराच्या बँकेने कर्ज अडवलं आणि पुढचे सहा आठवडे त्या एका कागदापायी गेले.

आता या जुन्या चुकीला नवी जोड मिळाली आहे. लोक जाहिरातीत ‘ग्रीन होम’, ‘५ स्टार रेटिंग’, ‘लाइट बिल नगण्य’ असं बिनदिक्कत लिहितात. खरेदीदार पुरावा मागतो तेव्हा मोबाइलवर बिल्डरचं जुनं ब्रोशर शोधलं जातं. या लेखात दोन्ही गोष्टी घेतल्या आहेत. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. घर दाखवायला सुरुवात करण्याआधी किमान दोन महिने हाताशी ठेवा.

## आधी एक गैरसमज: ऊर्जा दाखला सक्तीचा आहे का?

नाही. आपल्याकडे राहता फ्लॅट विकताना ऊर्जा रेटिंगचा दाखला जोडण्याची सक्ती नाही आणि दुय्यम निबंधक तो मागत नाहीत. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी म्हणजे बीईईची निवासी इमारतींसाठी १ ते ५ स्टारची लेबल योजना आहे, पण ती ऐच्छिक आहे. ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. ती नव्या इमारतींच्या आराखड्यासाठी आहे, तुमच्या वीस वर्षं जुन्या फ्लॅटसाठी नाही. त्यामुळे ‘एनर्जी सर्टिफिकेट काढून देतो, पाच हजार द्या’ असं कुणी म्हणालं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

मग विजेच्या कागदांचा एवढा आटापिटा कशाला? कारण हल्ली खरेदीदार विचारतो. एसी किती जुना, महिन्याला युनिट किती, पार्किंगमध्ये गाडी चार्ज करता येईल का. या प्रश्नांना कागदावर उत्तर असलं की भाव पाडायला एक कारण कमी उरतं.

## टप्पा १: मालकीची साखळी जुळवा

मोठा डबा फाइल घ्या आणि इमारत बांधल्यापासून आजपर्यंतचे दस्त तारखेच्या क्रमाने लावा.

१. बिल्डर आणि पहिला मालक यांच्यातला नोंदणीकृत करारनामा. सोबत नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात तो, नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी सारांश.
२. त्यानंतरचा प्रत्येक पुनर्विक्रीचा दस्त, तोही पावती आणि इंडेक्स टूसह.
३. ताबा पत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र (ओसी).
४. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मागच्या बाजूला तुमच्या नावाची नोंद असलेलं.
५. मालमत्ता कराची शेवटची पावती.

आता एकच काम करा, पण सावकाश. प्रत्येक दस्तातलं नाव, फ्लॅट क्रमांक, मजला आणि क्षेत्रफळ एकमेकांशी ताडून पाहा. करारनाम्यात ‘४०३’ आणि शेअर सर्टिफिकेटवर ‘ए-४०३’, आधारवर लग्नानंतरचं नाव आणि दस्तात माहेरचं, असे घोळ इथेच सापडतात. आमच्या इंडेक्स टूमध्ये वडिलांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. बँकेच्या वकिलाने तेवढ्यावरून प्रतिज्ञापत्र मागितलं.

मूळ दस्त हरवला असेल तर पोलिसांत हरवल्याची तक्रार नोंदवा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा. तिन्ही कागद फाइलला लावा. खरेदीदार मिळाल्यावर हे सुरू केलंत तर तो थांबेलच असं नाही.

वारसाहक्काचं घर. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे घर एकट्याचं झालं, हा समज ठाण्यात घरोघरी आहे. नॉमिनी हा सांभाळणारा, मालकी वारसांची. सगळे वारस सह्या करणार असतील तर ठीक. नाहीतर बाकीच्यांकडून नोंदणीकृत हक्कसोड पत्र आधी करून घ्या. दुबईतला भाऊ ‘हो हो’ म्हणतो, पण सही लागते तेव्हा त्याला सुट्टी नसते.

जमिनीचा प्रकार. वर्तकनगर, सावरकरनगर भागात म्हाडाची घरं आहेत. त्यांच्या हस्तांतरणाला म्हाडाचे कागद लागतात. सोसायटी सरकारी जमिनीवर, म्हणजे वर्ग २ वर असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवानगीचा प्रश्न येतो. सेक्रेटरींना सरळ विचारा: ‘आपल्या इमारतीत शेवटचा फ्लॅट विकला गेला तेव्हा काय काय लागलं?’ याहून चांगली यादी कुठे मिळणार नाही.

### नवी मुंबईकरांसाठी

खाडीपलीकडे खेळ वेगळा आहे. वाशी, नेरूळपासून खारघरपर्यंत बहुतेक जमीन सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. सिडकोने बांधलेल्या घरांच्या विक्रीला सिडकोची हस्तांतरण परवानगी लागते आणि शुल्कही भरावं लागतं. ते घराच्या प्रकारावर आणि आकारावर ठरतं. बेलापूरच्या सिडको भवनात वसाहत विभागात जाऊन तीन गोष्टी लेखी मिळवा: सिडकोच्या दप्तरी आज मालक म्हणून कोणाचं नाव आहे, काही थकबाकी आहे का आणि हस्तांतरणाला किती शुल्क पडेल.

पहिला मुद्दा सर्वात महत्त्वाचा. पूर्वी कित्येक घरं नुसत्या पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर हातोहात फिरली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अशा मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. तुमच्या साखळीत असा दुवा असेल तर एजंटला फोन करण्याआधी वकिलाला करा.

बिल्डरने सिडकोच्या प्लॉटवर बांधलेल्या इमारतीत मात्र एकच नियम सगळ्यांना लागू होत नाही. भाडेपट्टा सोसायटीच्या नावावर झाला आहे की अजून बिल्डरच्याच, यावर पुढचं ठरतं. ते सोसायटीच्या ऑफिसात पाहून घ्या.

> तपासणी: साखळीतला प्रत्येक दुवा मूळ प्रतीत आहे का? एकही झेरॉक्स असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: कर्जाची गाठ सोडवा

कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि सगळे मूळ दस्त परत घ्या. दस्त घेताना बँकेकडे जमा केलेल्या कागदांची यादी समोर ठेवून एकेक मोजा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत आणि बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासूनचा आहे. शाखेत तो नम्रपणे आठवून दिला की कपाटं पटापट उघडतात. बँकेच्या बोज्याची सरकारी नोंद काढली गेली की नाही, तेही त्याच फेरीत विचारा.

कर्ज चालू असेल तर ‘फोरक्लोजर’चं, म्हणजे कर्ज एकरकमी फेडायला किती लागतील ते सांगणारं, पत्र आणि बँकेकडे असलेल्या दस्तांची यादी मागवून ठेवा. खरेदीदाराची बँक बाकी रक्कम थेट तुमच्या बँकेला देते, पण त्यासाठी तिला हे दोन कागद लागतातच. पत्रातली रक्कम ठरावीक तारखेपर्यंतच लागू असते. म्हणून पत्र फार लवकर काढू नका.

## टप्पा ३: सोसायटी

थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. त्यात देखभाल खर्च, सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी यांचा वेगवेगळा उल्लेख असावा. इमारत पुनर्विकासाला निघाली असेल तर सभेच्या ठरावाची प्रतही ठेवा. खरेदीदार ती मागणारच.

आता ना-हरकत पत्राचं. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरणाला सोसायटीच्या ना-हरकतीची सक्ती नाही. सभासदाने हस्तांतरणाची १५ दिवसांची सूचना द्यायची असते. पण खरेदीदाराची बँक ते पत्र मागते, म्हणून ते घ्यावंच लागतं. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर, एनओसी पाहिजे’ एवढं टाकून वाट बघत बसू नका.

> इशारा: महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची, म्हणजे फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची, कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्यावर ‘ऐच्छिक देणगी’ मागितली तर कोणत्या ठरावाने, हे लेखी विचारा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही आणि मागणीही विरते.

## टप्पा ४: विजेची फाइल

एका रविवारी सकाळी बसलं तर हे काम दुपारच्या जेवणाआधी संपतं.

४.१ बिल वाचा. महावितरणचं ताजं बिल समोर घ्या. कळवा-मुंब्रा भागात ते टोरंट पॉवरकडून येतं. चार जागा बघा: ग्राहकाचं नाव, मंजूर भार (एका वेळी किती वीज वापरायची परवानगी आहे), वर्गवारी आणि मागच्या महिन्यांचा वापर.

नाव आजोबांचं किंवा बिल्डरचं असेल तर ते आधी स्वतःच्या नावावर करून घ्या. दोन पिढ्यांची उडी खरेदीदाराच्या अर्जात घेता येत नाही असं नाही, पण कागद वाढतात आणि धावाधाव तुमचीच होते. घरात पूर्वी क्लास किंवा दवाखाना चालत असेल तर वर्गवारी घरगुती आहे ना, हे पाहा. विकायचं घर म्हणून आणि बिल व्यावसायिक, हे बँकेच्या नजरेतून सुटत नाही.

मंजूर भाराकडे कुणी बघतच नाही. दीड टनाचे दोन एसी आणि २ किलोवॉटचा गीझर एकदम चालले की भार साधारण ५ किलोवॉटवर जातो. मंजूर भार ३ किलोवॉट असेल तर ‘दोन्ही एसी आरामात चालतात’ हे वाक्य तोंडातून काढू नका. वाढीव भाराचा अर्ज करून मोकळे व्हा.

४.२ बारा महिन्यांची बेरीज. वर्षभराचे युनिट मिळवा आणि चौरस मीटरमधल्या कार्पेट क्षेत्राने भागा. ५४० चौरस फूट म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर. वर्षाला २,४०० युनिट असतील तर ४८ युनिट प्रति चौरस मीटर. हा आकडा अधिकृत रेटिंग नाही आणि त्याला तसं म्हणूही नका. त्याच्यासोबत घरात किती माणसं राहतात, एसी किती तास चालतो आणि घर काही महिने बंद होतं का, या तीन ओळी लिहा. बंद घराचं बिल दाखवून ‘बघा किती कमी’ म्हणणारे विक्रेते मी पाहिलेत. शेजारी सगळं सांगतात.

४.३ उपकरणांची यादी. घरासोबत जाणार असलेल्याच वस्तू लिहा. प्रत्येकाचं मॉडेल, खरेदीचं वर्ष आणि स्टार लेबलवर छापलेला कालावधी लिहून लेबलचा फोटो काढा. कालावधी का? कारण स्टारचे तक्ते बदलतात. एसीचा तक्ता जुलै २०२२ मध्ये कडक झाला आणि त्याआधीचा ५ स्टार नव्या मोजमापात साधारण ४ स्टारच्या रांगेत आला. २०१९ च्या एसीला आज नुसतं ‘५ स्टार’ म्हणणं ही अर्धवट माहिती आहे. पंख्यांचंही बघा. साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी म्हणजे वीज वाचवणाऱ्या मोटरचा पंखा त्याच्या निम्म्याहून कमी. चार पंखे बदललेले असतील तर ते जरूर लिहा.

४.४ खिडक्या मोजा. हे कुणी करत नाही, म्हणून सांगतो. ठाणे-नवी मुंबईची हवा उष्ण आणि दमट. अशा हवेत इको निवास संहितेने नव्या इमारतींसाठी उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र कार्पेटच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, ठरवलं आहे. बाहेरच्या हवेत किंवा उघड्या बाल्कनीत उघडणारीच दारं-खिडक्या धरायच्या. दोन पट सरकणारी खिडकी निम्मी धरायची, बिजागरीची ९० टक्के.

समजा ५४० चौरस फुटांचा टू बीएचके. बाल्कनीचं सरकतं दार ६ बाय ७ फूट, म्हणजे ४२ चौरस फूट, त्यातले २१ धरा. दोन बेडरूमच्या ५ बाय ४ च्या सरकत्या खिडक्या, प्रत्येकी १०. स्वयंपाकघराची बिजागरीची ३ बाय ३, तिचे ८. एकूण ४९. हव्यात ९०. प्रमाण ९ टक्के! घोडबंदर रोडवरच्या चकचकीत टॉवरांतही टेप लावला तर अशी उत्तरं निघू शकतात. बाल्कनी बंद करून हॉलमध्ये घेतली असेल तर त्याहून वाईट. तुमच्या घराला ही अट लागू नाही, पण ‘भरपूर हवेशीर’ लिहिण्याआधी टेप लावून बघायला काय हरकत आहे? प्रमाण चांगलं निघालं तर तोच आकडा जाहिरातीत टाका.

४.५ सौर यंत्रणा. सोसायटीच्या गच्चीवरचं सौर सामायिक मीटरसाठी असतं. त्याने लिफ्ट-पंपाचं बिल उतरतं, तुमच्या घराचं नाही. देखभाल खर्च किती कमी झाला, ते सोसायटीच्या हिशेबातून दाखवा. रो-हाउस असेल आणि नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) तुमच्या नावावर असेल तर तो करार, यंत्रणेची क्षमता आणि वॉरंटीचे कागद वेगळे लावा.

> तपासणी: विजेच्या फाइलमध्ये १२ महिन्यांची बिलं, उपकरणांची यादी आणि लेबलांचे फोटो आहेत का? थकबाकी शून्य आहे का? विजेची थकबाकी जागेला चिकटते, म्हणून शहाणा खरेदीदार ती तपासतोच.

## टप्पा ५: जाहिरातीत काय लिहावं

इमारतीला आयजीबीसी किंवा ‘गृहा’ (GRIHA) या हरित इमारतींच्या योजनांपैकी एखाद्या योजनेचं मानांकन असल्याचं ऐकून असाल तर तीन गोष्टी पडताळा. मानांकन कोणत्या टप्प्याला किंवा विंगला आहे? बांधकामाआधीचं प्राथमिक प्रमाणपत्र आहे की पूर्ण झाल्यावरचं अंतिम? मुदत संपली आहे का? ब्रोशरवर ‘गोल्ड’ छापलेलं असतं ते बऱ्याचदा प्राथमिक असतं. अंतिम प्रमाणपत्राची प्रत सोसायटीच्या दप्तरात नसेल तर तो शब्द वापरू नका.

आणि घराचा स्टार वेगळा, उपकरणाचा वेगळा. ‘५ स्टार एसी असलेला फ्लॅट’ आणि ‘५ स्टार फ्लॅट’ यांतला फरक एजंटला समजावून सांगा. त्याने टाकलेला मजकूर स्वतः वाचा.

## टप्पा ६: आता टोकन

इथे पोहोचायला दोन महिने लागले तरी हरकत नाही. टोकनच्या कागदावर किंमत, टोकनची रक्कम, व्यवहार पूर्ण करायची मुदत, बँकेने कर्ज नाकारलं तर टोकनचं काय आणि कोणत्या वस्तू घरासोबत जाणार हे लिहा. टप्पा ४ ची यादी तशीच जोडा. ‘गीझर ठेवणार म्हणाला होतात’ हे भांडण चावी देण्याच्या दिवशी होतं.

> इशारा: स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका. तेवढाच दंड बसू शकतो.

## टप्पा ७: मुद्रांक, नोंदणी, टीडीएस

ठाणे आणि नवी मुंबई महापालिका क्षेत्रात मुद्रांक शुल्क सर्व अधिभार धरून ७ टक्के आहे. खरेदीदार फक्त महिला असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर जात नाही. शुल्क व्यवहाराची किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं. हा खर्च खरेदीदाराचा. तरी हिशेब तुम्हालाही माहीत असू द्या, कारण शेवटच्या क्षणी ‘किंमत थोडी कमी दाखवू या’ ही कुजबुज इथूनच सुरू होते.

व्यवहार ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापून तुमच्या पॅनवर भरतो. तुमचा पॅन आधारशी जोडलेला नसेल तर १ ऐवजी २० टक्के कापायची वेळ येते. हे टोकनच्या आधी तपासा. टीडीएसचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. विक्रेता अनिवासी असेल तर नियम पूर्ण वेगळे आहेत. त्याने सीएला आधीच गाठून कमी कपातीचा दाखला मिळवायचा.

नोंदणीच्या दिवशी मूळ आधार, पॅन, दोन साक्षीदार आणि त्यांची ओळखपत्रं न्या. सही करण्याआधी डेटा एंट्रीची प्रत शब्दन् शब्द वाचा. मागे रांग असते, एजंट घाई करतो. करू द्या. इथे चुकलेलं नाव सुधारायला पुन्हा चूक दुरुस्तीचा दस्त करावा लागतो.

## टप्पा ८: चावी देताना

पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच चावी. त्याच दिवशी विजेच्या आणि महानगर गॅसच्या मीटरचे फोटो काढा, आकडा व तारीख दिसेल असे, आणि ताबा पत्रात तेच आकडे लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्या आकड्यापर्यंतचं बिल तुमचं, पुढचं त्यांचं.

वीज, गॅस, मालमत्ता कर आणि सोसायटी या चार ठिकाणी नाव बदलायचे अर्ज खरेदीदाराने करायचे. पण त्यावर लागणाऱ्या तुमच्या संमतीच्या सह्या याच बैठकीत उरकून टाका. वीज आणि गॅसची ठेव त्यांच्या नावावर जाणार की तुम्हाला परत मिळणार, तेही त्याच कागदावर ठरवा. आम्ही ते विसरलो. तीन महिन्यांनी नवे मालक गॅसच्या एका सहीसाठी घरचा पत्ता शोधत आले, तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो होतो.